मामांनी मागवलेला लेख

पनवेलच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे, तिथं मी रुजू झाले तेव्हा लेख टपालानं यायचे. आमच्याकडे नसलेलं एखादं जुनं नियतकालिक पुण्याच्या नाहीतर मुंबईच्या ग्रंथालयात असायचं आणि आमच्या कुणा प्राध्यापकाला त्यातला एकच लेख हवा असायचा. मग मी छापील अर्ज तीन प्रतींत भरायची, सही-शिक्का करायची आणि आमचे मामा लिफाफा घेऊन पोस्टात जायचे. दोन-तीन आठवड्यांनी खाकी पाकीट यायचं, आत झेरॉक्स. ह्याला आमच्यात आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम एवढंच.

मामा म्हणजे आमच्या ग्रंथालयाचे शिपाई. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या मुलांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मूळचे विमानतळाच्या जागेत गेलेल्या एका गावचे. घर आगरी, वडील-आजोबा मिठागरावर राबलेले. मी नवी आले तेव्हा ते तिथं मुरलेले होते. कुठल्या कपाटाचं दार अडतं, कुठल्या सरांना पुस्तक परत करायची आठवण करावी लागते, हे मला त्यांनीच शिकवलं. पोस्टातून आलेलं पाकीट हातावर तोलून ते सांगायचे, पंधरा-वीस पानं असतील. मी उघडून मोजायची. बहुतेक वेळा ते बरोबर असायचे.

मग टपाल बंद झालं. तिकडच्या ग्रंथालयात लेख स्कॅन करायचा, इकडे मेलवर पाठवायचा, आम्ही वाचकाला एक प्रत छापून द्यायची. त्यासाठीचा प्रस्ताव मीच लिहिला होता, मीच मागे लागून मंजूर करून घेतला होता. पहिला लेख सकाळी मागवला आणि चहा व्हायच्या आत आला, तेव्हा मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आले होते, एवढा मला आनंद झाला होता.

तो आनंद काही महिने टिकला. पूर्वी लिफाफा गेला की तीन आठवडे कुणी विचारायचं नाही. मीही विसरून जायची. आता सकाळी मागणी टाकली की दुपारी प्राध्यापक टेबलाशी उभे. मेल आला का, म्हणून मी पाच-पाच मिनिटांनी बघायची. जेवताना बघायची. घरी भाजी परतताना एका हातानं फोन उघडायची. काही आलेलं नसायचं आणि आलेलं नाही हे कळूनही पुन्हा बघायची. नवऱ्यानं एकदा विचारलं, तुझ्या ग्रंथालयात आग लागलीय का? मला हसू आलं नाही.

मामांचं तर कामच गेलं होतं. अकरा वाजले की ते पोस्टात जायला उठायचे, ही इतक्या वर्षांची सवय. आता अकराला उठायचे, चपला घालायचे, दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. मग फडकं घेऊन सकाळी पुसलेलं कपाट पुन्हा पुसायचे. मी मान खाली घालून काम करायची. प्रस्तावावर सही माझी होती.

त्यांच्या निवृत्तीला दीड-दोन महिने उरले असताना एम.ए.ची एक विद्यार्थिनी आली. ती खाडीकाठच्या मिठागरांवर प्रबंध लिहीत होती. तिला एका जुन्या नियतकालिकातला लेख हवा होता. कुणा अभ्यासकानं पूर्वी ह्या भागातली गावं फिरून लिहिलेला. पुण्यातल्या एका जुन्या संस्थेच्या ग्रंथालयात तो अंक होता. मी मागणी टाकली, दुसऱ्या दिवशी लेख आला. मी प्रिंट दिली आणि मामा पानं गोळा करून स्टेपल मारायला प्रिंटरपाशी गेले.

पाकिटं यायची तेव्हा ती बंद असायची, मामा ती बंदच माझ्या हातात द्यायचे. आत काय आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. प्रिंटरमधून पानं उघडी येतात. बराच वेळ स्टेपलरचा आवाज आला नाही म्हणून मी वर पाहिलं. मामा एक पान हातात धरून उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, "ह्या आमच्या गावचा मिठागर हाय."

मी जवळ गेले. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात एक फोटो होता, म्हणजे असावा. स्कॅन करणाऱ्यानं नुसत्या काळ्या-पांढऱ्यात केल्यामुळे तो शाईचा डाग झाला होता. खाली ओळ होती : मिठागराच्या बांधावरील कामकरी. आणि गावाचं नाव.

मामा खुर्चीत बसले. ग्रंथालयात ते बसलेले मी फारसे पाहिले नव्हते. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ते तीन वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. वडिलांचा एकही फोटो घरात नव्हता. पण आई नेहमी सांगायची, एकदा पुण्याकडचा एक माणूस कॅमेरा घेऊन आला होता आणि त्यानं बांधावर उभं करून वडिलांचा आणि आणखी काही जणांचा फोटो काढला होता. फोटो पाठवतो म्हणाला, पाठवला नाही. घराच्या भिंतीवर वडिलांची तसबीर आहे, पण ती पनवेलच्या बाजारातल्या एका चित्रकारानं काकांना समोर बसवून काढलेली. भाऊ भाऊ सारखेच दिसत असतील, असं सगळ्यांनी धरून चाललं. मामांनी आयुष्यभर काकांच्या तोंडाला बाप म्हणून हात जोडले.

"खरा तोंड कसा व्हता, मना ठावं नाय," ते म्हणाले. घाईत असले किंवा मनातलं बोलायचं असलं की त्यांची कॉलेजातली भाषा सुटायची.

मी तिथल्या तिथं मेल लिहिला. अमुक पानावरचा फोटो वाचता येत नाही, ते एक पान राखाडी छटेत पुन्हा स्कॅन करून पाठवावं. उत्तर लगेच आलं : आपली मागणी पूर्ण झाली असून बंद करण्यात आली आहे, कृपया ह्या मेलला उत्तर देऊ नये. मी दुसरा मेल केला. तेच उत्तर. फोन लावला, तो वाजत राहिला.

पूर्वी तिकडे एक गृहस्थ होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण पाकिटात नेहमी त्यांची हिरव्या शाईतली चिठ्ठी असायची. शेवटचं पान मूळ अंकातच फाटलं आहे, क्षमस्व. आणि एकदा, पावसानं पाकीट भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलं आहे. ते असते तर मी एक पोस्टकार्ड टाकलं असतं आणि काम झालं असतं. ते निवृत्त होऊन किती वर्षं झाली हेही मला माहीत नव्हतं.

शेवटी मी नवी मागणी टाकायची ठरवली, मामांच्या नावानं. मामांनी इतक्या वर्षांत हजारो लिफाफे नेले असतील, स्वतःसाठी काही मागवलं नव्हतं. अर्जात वाचकाचा प्रकार विचारला होता. अध्यापक, विद्यार्थी, संशोधक, असे तीनच पर्याय. मी संशोधक निवडलं. मामांना वाचून दाखवलं तर ते संकोचले. कुणी विचारलं तर काय सांगायचं, म्हणाले. मी म्हटलं, कुणी विचारत नाही हो आता. शेऱ्याच्या चौकटीत मी फोटोबद्दल सगळं लिहिलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट बसवलं नाही. मी घड्याळ बघायची आणि मामा मला बघायचे. ते विचारायचे नाहीत. फक्त माझ्या टेबलाजवळचं कपाट पुसायला यायचे. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. एका दिवसात लेख यायची सवय झाल्यावर आठ दिवस म्हणजे काहीतरी बिनसलं असंच वाटतं. मागणी पोचली नाही, कुणी रद्द केली, अंक सापडत नाही, आणि मधेच, आपण संशोधक लिहिलं ते कुणाच्या लक्षात आलं. मुलांवर उगाच चिडले. एका मुलाला दोन दिवस उशिरा पुस्तक आणलं म्हणून इतकं बोलले की मामाच म्हणाले, जाऊ द्या मॅडम.

नवव्या दिवशी ते पान आलं. मी मामांना हाक मारली आणि पडद्यावर फोटो मोठा केला.

बांधावर पाच माणसं उभी होती. उघडी अंगं, गुडघ्यापर्यंत नेसलेलं, हातात मीठ ओढायच्या लांब दांड्याच्या फळ्या. मागे मिठाच्या राशी. चार माणसं स्वच्छ दिसत होती. पाचवा अगदी आतल्या कडेला होता, जिथं पानं शिवलेली असतात. बांधणी घट्ट असल्यामुळे ते पान काचेवर सपाट बसलं नव्हतं आणि शिवणीकडचा भाग काळ्या सावलीत गेला होता. पाचव्या माणसाचा एक खांदा दिसत होता आणि दांड्यावरचा हात.

मामांनी चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ह्यातला कुठला, मी विचारलं. ते म्हणाले, आईला दाखवावं लागंल. मी प्रिंट काढून दिली. त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर वर्तमानपत्र गुंडाळलं आणि पाच वाजायची वाट न बघता मला विचारून निघून गेले. गाव उठल्यावर त्यांनी उलव्याच्या बाजूला मिळालेल्या भूखंडावर घर बांधलं होतं, तिथं मुलगा, सून आणि आई. आई ऐंशीच्या पुढची, पण कान-डोळे अजून बरे होते.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि फडकं घेतलं. मी न राहवून त्यांच्यामागं कपाटापर्यंत गेले. त्यांनी मागे न वळता सांगितलं. आईनं चौघांची नाती सांगितली. एक तिचा भाऊ, एक पलीकडच्या आळीतला, दोघं शेजारच्या गावचे. आणि मग काळ्या भागावर बोट ठेवलं. "बोलली, कडंचा तो तुझा बा हाय. हातावरून वळकला."

मी तिसरा मेल केला. ह्या वेळी माणसाचं उत्तर आलं, बहुधा कंटाळून. तिथल्या एका सहायक ग्रंथपाल बाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की वर्षाचे अंक एकत्र बांधलेला तो खंड जुना आहे, बांधणीची पाठ ठिसूळ झाली आहे, आणखी दाबून स्कॅन करता येणार नाही. प्रत्यक्ष येऊन पाहायचं असेल तर मात्र अवश्य यावं.

मामांची नोकरी तेव्हा तीन आठवडे उरली होती. मी म्हटलं, जाऊ या. ते म्हणाले, तुमाला कशाला तरास. मी म्हटलं, मलाच बघायचंय. ते खोटं नव्हतं. त्या सावलीनं माझी झोप उडवली होती.

आम्ही दोघांनी रजा टाकली आणि एका शुक्रवारी सकाळी पनवेलच्या स्टँडवरून पुण्याची एसटी धरली. मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले होते. घाट चढेपर्यंत ते पुढच्या सीटचा दांडा धरून बसले होते. मग म्हणाले की त्या ग्रंथालयाचा पत्ता त्यांना पाठ आहे, पिनकोडसकट, लिफाफ्यांवर इतक्यांदा वाचला होता. पण ती इमारत पनवेलच्या पोस्टाएवढी असेल असं त्यांना वाटायचं.

इमारत मोठी होती. दगडी, उंच छताची, आत जुन्या कागदाचा वास. मेल लिहिणाऱ्या बाई तिशीच्या, चटपटीत होत्या. त्यांनी खंड आधीच काढून ठेवला होता. अर्जावर मामांच्या नावापुढे संशोधक आहे हे त्यांना आठवत होतं, कारण त्यांनी मामांना "सर, बसा" म्हटलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली.

त्यांनी खंड दोन उशांवर ठेवून उघडला आणि पान काढलं. कागद पिवळा पडला होता, फोटो मात्र खणखणीत होता. पाचवा माणूस शिवणीच्या घळीत गेला होता. समोरून पाहिलं तर खांदा आणि हात, स्कॅनमध्ये होतं तेवढंच.

बाई म्हणाल्या, "थोडं दाबते, बघा दिसतं का." त्यांनी दोन्ही तळवे पानांवर ठेवले. खंडाच्या पाठीतून बारीक करकर ऐकू आली.

"नको, नको," मामा म्हणाले. "फाटंल. ऱ्हाऊ द्या."

आयुष्यभर त्यांनी पुस्तकं हाताळली होती, फाटलेल्या पाठींना कापडाची पट्टी लावली होती. बाईंनी हात काढले. मामा उठले, टेबलाच्या डाव्या बाजूला गेले, गुडघे टेकून खाली बसले आणि गाल जवळजवळ टेबलाला लावून, तिरक्या नजरेनं त्या घळीत पाहू लागले. एक डोळा मिटला होता. स्कॅनरला जमत नाही ते माणसाच्या डोळ्याला जमतं, मान वाकवायची तयारी असेल तर.

ते किती वेळ तसे होते मला सांगता येणार नाही. मला मधेच खाली बसून बघावंसं वाटत होतं आणि त्यांना उठा म्हणणंही होत नव्हतं. मी उभ्या उभ्या पाय बदलत राहिले. वाचनकक्षातले दोघे-तिघे बघत होते.

मामा उठले. रुमालानं तोंड पुसलं.

"दिसला?" मी विचारलं.

"दिसला. काकासारखा नाय."

मग त्यांनी मला बघायला सांगितलं. मीही तशीच बसले. अंधाऱ्या फटीत, कागदाच्या वळणावर थोडासा ताणलेला एक चेहरा होता. तिशीच्या आतला. बाकी चौघे कॅमेऱ्याकडे ताठ बघत होते, हा बघत नव्हता. मान शेजाऱ्याकडे वळवून काहीतरी बोलत होता, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या होत्या, हसताना पडतात तशा. मामांच्या मोठ्या मुलाहून तो लहान होता.

फोटो काढायची परवानगी नव्हती. बाईंनी तरी फोन पुढे करून पाहिला, फटीत काळोखच आला. मामा म्हणाले असू द्या. परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. खोपोली गेल्यावर एकदा म्हणाले की आई विचारणार, काय काय दिसलं, आणि नीट सांगायला हवं.

आईनं विचारलंच. रोज विचारायची. डोक्याला काही बांधलेलं होतं का, मिशी कशी होती, कुणाकडे बघून बोलत होता. मामा दुसऱ्या दिवशी कॉलेजात आले की मला विचारायचे, मॅडम, मिशी व्हती ना? मी म्हणायची, होती, बारीक. काही दिवसांनी आमचं दोघांचं जुळेना. त्यांना कपाळावर व्रण आठवत होता, मला नाही. ते घाबरले. सांगून सांगून आपणच चेहरा तयार करतोय की काय, असं त्यांना वाटायला लागलं. मी म्हटलं, पुन्हा जाऊ. सेंडऑफ होऊ दे, परीक्षा होऊ देत, मग जाऊ.

सेंडऑफ झाला. शाल, नारळ, भाषणं. मामांच्या जागी कुणी आलं नाही. कपाटं मीच पुसते, आठवड्यातून एकदा. परीक्षा झाल्या, तपासणी समिती आली, पुण्याचं राहून गेलं. मनात मात्र रोज यायचं, आणि फोन करायचा म्हटलं की आधी तारीख ठरवू असं वाटायचं.

मग एका दुपारी त्या पुण्याच्या बाईंचा मेल आला. लेख नव्हता, मागणी क्रमांकही नव्हता. त्यांनी लिहिलं होतं की काल तुमचे ते सर आले होते, आईला घेऊन. मुलानं गाडीनं आणलं. आजींना गुडघे टेकता येईनात, म्हणून आम्ही खंड उशांसकट उचलून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला धरला, मी एका बाजूनं आणि सर दुसऱ्या बाजूनं. हात भरून आले तरी त्या बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, हे पुस्तक नेहमी इथंच असतं का. मी हो म्हटलं. त्या बरं म्हणाल्या. तुम्हाला कळवावंसं वाटलं.

मी मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मला सांगितलं नाही. इतकं सगळं मी केलं आणि नेमक्या त्या वेळी मी नव्हते. मी मामांना फोन लावला. ते गडबडले. म्हणाले, तुमच्या परीक्षा चालू असतील म्हून नाय सांगितला. परीक्षा संपून महिना झाला होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी विचारलं, व्रण होता का कपाळावर?

"नाय," ते म्हणाले. "आई बोलली, तो छपाईचा डाग हाय. मिशी मातर व्हती."

आणि आई काय म्हणाली, मी विचारलं. ते म्हणाले, काही नाही. येताना गाडीत झोपली, ती पनवेल आल्यावर उठली. घरी आल्यावर दोन घास जास्त जेवली. तेव्हापासून विचारायची थांबलीय.

मी फोन ठेवला. समोर तीन मागण्या पडल्या होत्या, त्यांतली एक रसायनशास्त्राच्या सरांची, सकाळपासून दोनदा विचारून गेले होते. मी मेल उघडला. सरांचा लेख आला नव्हता. त्या बाईंना उत्तर लिहायला घेतलं, आभार एवढंच लिहून झालं आणि तेवढ्यात सर पुन्हा दारात उभे राहिले.